मुलांच्या ताटातून काय कमी करू?

इंदूरच्या तिलक नगर भागातल्या एका वाचक भगिनीचं पत्र आहे. थोडक्यात असं: घरात पाच माणसं. त्या स्वतः, यजमान, 11 वर्षांचा मुलगा, 8 वर्षांची मुलगी आणि सत्तरीच्या सासूबाई. घर पूर्ण शाकाहारी. यजमान पीथमपूरला कारखान्यात कामाला आहेत, सहा महिन्यांपासून ओव्हरटाइम बंद झाल्यामुळे हातात येणारा पैसा कमी झाला आहे. खाण्यापिण्यावर महिन्याला 18,400 रुपये जातात, त्यातले निदान तीन हजार वाचवायचे आहेत. यजमान म्हणतात, "आपण वरण-भात-पोळी खाणारी माणसं, एवढे पैसे जातात कुठे?" सासूबाई म्हणतात, आमच्यासारखं वर्षाचं धान्य भरून ठेव. शेजारीण म्हणते, दर आठवड्याला चोइथरामच्या घाऊक भाजी मंडीत जा. आणि त्या स्वतः विचारतात, "मुलांचं पनीर आणि दूध कमी केलं तर त्यांची वाढ खुंटेल का? त्यांच्या ताटातून काय कमी करू, तेवढं सांगा."

ताई,

पत्रासोबत तुम्ही महिन्याच्या हिशेबाचा कागद पाठवलात, त्यासाठी मनापासून आभार. असा कागद पुढ्यात असला की सल्ला देणारीला हवेत बोलता येत नाही. मी तो दोनदा वाचला, मग पेन्सिल घेऊन बसले.

किराणा, म्हणजे धान्य, डाळी, तेल, साखर, चहा, मसाले: 4,700. भाजी आणि फळं: 3,900. दूध: 3,600. पनीर, चीज, बटर: 1,900. दहा मिनिटांत घरी आणून देणारं ॲप: 2,600. शेव, नमकीन, बिस्किटं, मिठाई, रविवारचे पोहे-जिलबी: 1,700.

आता यजमानांचा प्रश्न घेऊ. तो तुम्हाला लागला, हे पत्रातून कळतं. पण तो प्रश्न आहे असं समजून खरंच उत्तर शोधलं, तर ते तुमच्या बाजूनं निघतं. वरण, भात, पोळी, भाजी आणि फळं यांवर तुमचे 8,600 रुपये जातात. पाच माणसं आणि तीस दिवस धरले, तर दर माणशी रोजचे 57 रुपये. दोन वेळचं जेवण, नाश्ता आणि मुलांचे डबे एवढ्यात निघतात, म्हणजे तुमचा हात सैल आहे असं कुणालाही म्हणता येणार नाही. शाकाहारी जेवण स्वस्त पडतं हे यजमानांचं म्हणणं बरोबरच आहे, आणि ते तुम्ही महिनोन् महिने करून दाखवता आहात. उरलेले 9,800 मात्र त्या वरण-भात-पोळीच्या बाहेरचे आहेत. निम्म्याहून जास्त. हा कागद त्यांच्यासमोर ठेवा. वाद घालायला नको, नुसता ठेवा, आणि दोघं मिळून वाचा.

तुम्ही काटछाट सुरू केलीत ती मात्र पहिल्या दोन रकमांत. ठेल्यावाल्याशी दोन रुपयांसाठी घासाघीस करता, तुरीची डाळ पातळ करता, सफरचंदं अर्धी करून वाढता, असं तुम्हीच लिहिलं आहे. ताई, तिथे आता कापायला काही उरलेलं नाही.

ॲपच्या 2,600 कडे वळू. तुम्ही महिन्यातल्या 19 ऑर्डरी उतरवून काढल्यात, त्यातल्या 12 संध्याकाळी सहानंतरच्या आहेत. 14 तारखेची घ्या. कोथिंबीर 18 रुपये, दह्याचा कप 35. हवं होतं ते एवढंच, 53 रुपयांचं. मग फुकट डिलिव्हरीसाठी चिप्सची दोन पाकिटं 40 आणि चॉकलेट 50, वर हाताळणी शुल्क 9. झाले 152. थोड्याफार फरकानं ही गोष्ट 19 वेळा घडली आहे. यात तुमचा आळस नाही. संध्याकाळी सहाला मुलं भुकेली, कुकर लागलेला, सासूबाईंची देवाजवळ दिवा लावायची वेळ, आणि ऐन वेळी दही नाही. कुणीही फोनच उचलेल.

म्हणून मी ॲप काढून टाका असं सांगणार नाही. काय संपल्यावर तुमचा हात फोनकडे जातो ते बघू. तुमच्या यादीत पुन्हा पुन्हा येणाऱ्या गोष्टी पाचच आहेत: कोथिंबीर, आलं, दही, ब्रेड, लिंबं. दही तर 19 पैकी 8 वेळा. घरात रोज दोन लिटर दूध येतं आणि दही कपातून येतं, हे मला सगळ्यात जास्त खटकलं. रात्री ओटा आवरताना अर्धा लिटर कोमट दुधाला चमचाभर विरजण लावायचं, एवढंच काम आहे. इंदूरच्या थंडीत ते लागत नाही ही तक्रार खरी आहे. डिसेंबर-जानेवारीत पातेलं कणकेच्या डब्यात ठेवा किंवा जुन्या शालीत गुंडाळा, सकाळपर्यंत लागतं. हे काम सासूबाईंकडे द्या. सत्तरीच्या बाईला घरात आपलं म्हणून एक काम असणं चांगलं असतं, आणि विरजण त्यांना तुमच्या-माझ्यापेक्षा नक्की चांगलं जमेल.

कोथिंबिरीचं असं की ठेल्यावाल्याकडून तीन-चार भाज्या पाव-पाव किलो घेतल्या, तर मूठभर धनिया-मिरची तो वरून टाकतोच. दोन रुपयांची घासाघीस सोडा आणि "भैया, धनिया जरा ज्यादा डालना" म्हणा, त्यालाही बरं वाटतं. घरी आणल्यावर कोथिंबीर न धुता मुळं कापायची, कोरड्या सुती फडक्यात गुंडाळायची आणि डब्यात घालून फ्रीजमध्ये ठेवायची. आठ-दहा दिवस हिरवीगार राहते. ओली ठेवलीत तर तिसऱ्या दिवशी चिखल. आलं एकदम पाव किलो घ्या. लिंबं तेलाचा हात लावून बंद डब्यात ठेवली की वाळत नाहीत. ॲप ठेवायचंच असेल, तर आठवड्यातून एक दिवस ठरवा. बाकीचे सहा दिवस जे संपलं ते फ्रीजवरच्या कागदावर लिहायचं. निम्म्या गोष्टींची त्या दिवसापर्यंत गरजच उरत नाही, हे माझ्या घरी मी पाहिलं आहे.

आता मुलांच्या ताटाबद्दल, कारण पत्रातली खरी काळजी तीच आहे.

पनीर म्हणजे प्रोटीन, प्रोटीन म्हणजे वाढ, असं एक समीकरण आपल्या डोक्यात पक्कं बसलं आहे. आयसीएमआर, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद, आणि राष्ट्रीय पोषण संस्था यांच्या 2020 च्या शिफारशींप्रमाणे तुमच्या 11 वर्षांच्या मुलाला दिवसाला साधारण 32 ग्रॅम प्रथिनं लागतात, 8 वर्षांच्या मुलीला साधारण 23. तुम्ही लिहिलेलं मुलाचं दिवसभराचं खाणं मी मोजून पाहिलं. दोन पेले दूध, म्हणजे 400 मिली, त्यातून 13 ग्रॅमच्या आसपास. दिवसभरात चार पोळ्या, त्यातून 12. एक वाटी घट्ट वरण, त्यातून 6. सकाळच्या पोह्यांत मूठभर शेंगदाणे असले तर आणखी 4. झाले 35, आणि पनीर अजून ताटात आलंच नाही. मात्र वरण घट्ट हवं. तुम्ही डाळ पातळ करून पनीर चालू ठेवलंत, तिथे गणित उलटं झालं.

तुमच्याच पावतीवर 200 ग्रॅम पनीर 95 रुपयांना आहे, त्यातून 36 ग्रॅमच्या आसपास प्रथिनं मिळतात. त्याच पावतीवर किलोभर हरभऱ्याची डाळ 90 रुपयांना आहे आणि तीत 200 ग्रॅमहून जास्त प्रथिनं आहेत. सोयाबडीत तर 100 ग्रॅमला 50 च्या वर. आपण सोयाबीनच्या पट्ट्यात राहतो, देशाची सोयाबीन संशोधन संस्था इंदुरातच आहे, तरी मराठी घरात सोयाबडीला अजून पाहुण्यासारखं वागवतात. गरम पाण्यात दहा मिनिटं भिजवून, दोनदा पिळून, बारीक चिरून मटाराच्या उसळीत किंवा पराठ्याच्या सारणात घाला. मुलं सहसा ओळखत नाहीत. एक सावधगिरी: हल्ली काही जणी गव्हात कच्चं सोयाबीन घालून दळून आणतात, तसं करू नका. कच्च्या सोयाबीनमुळे प्रथिनं नीट पचत नाहीत, ते आधी उकडून वाळवावं लागतं किंवा चांगलं भाजावं लागतं.

पनीर बंद करा असं मी म्हणत नाही. आठवड्यातून एकदा, रविवारी, हौसेनं करा. घरी केलंत तर लिटरभर दुधातून दीडशे ते दोनशे ग्रॅम निघतं, म्हणजे बचत लोक सांगतात तेवढी मोठी नाही. पण ताजं मिळतं आणि उरलेल्या पाण्यात कणीक भिजवता येते. चीजच्या चकत्या मात्र मला सोडण्यासारख्या वाटतात. दुधाला हात लावू नका. बी-12 हे जीवनसत्त्व भाज्यांतून, डाळींतून मिळत नाही. शाकाहारी माणसाला जे थोडंफार मिळतं ते दूध-दह्यातूनच. सासूबाईंची आणि तुमचीही बी-12 ची तपासणी झाली नसेल, तर डॉक्टरांना विचारून एकदा करून घ्या. उसळीवर लिंबू पिळायची सवय ठेवा, जेवणातलं लोह त्यानं जास्त अंगी लागतं, आणि जेवण झाल्या झाल्या चहा नको.

शेजारणीच्या मंडीबद्दल. चोइथरामची देवी अहिल्याबाई होळकर मंडी मलाही आवडते. पहाटेचा तो गलका, कांद्याच्या गोण्यांची रांग, भिजलेल्या पालकाचा वास. पण तुम्ही तिलक नगरात राहता, मंडी शहराच्या पार दुसऱ्या टोकाला. जाऊन-येऊन पेट्रोल आणि अख्खी सकाळ जाते, शिवाय घाऊक आवारात माल धडीनं घ्यावा लागतो, म्हणजे पाच-पाच किलो. एका हिवाळ्यात टोमॅटो स्वस्त दिसले म्हणून मी कॅरेटच उचलून आणलं होतं. चौथ्या दिवसापासून रोज चार-पाच टोमॅटो टाकत होते आणि प्रत्येक वेळी वाईट वाटत होतं. शेवटी बाजारभावातच पडले.

म्हणून मंडीची फेरी तीन महिन्यांतून एकदा, आणि टिकणाऱ्या मालासाठी. उन्हाळ्याच्या तोंडाला, मार्च ते मे, माळव्यातला उन्हाळी कांदा आणि नवा लसूण येतो. तो कांदा हवेशीर ठेवला तर पावसाळा बराचसा निघतो. वीस-पंचवीस किलो घ्या, पातळ मानेचा आणि कोरड्या सालीचा बघून. जाड मानेचा कांदा आतून सडतो. बटाट्यांपासून लांब ठेवा. चातुर्मासात सासूबाई कांदा-लसूण खात नसतील, तर तेवढा हिशेब कमी धरा. जानेवारीत मटार उतरला की पाच किलोची एक धडी आणा, सोला, उकळत्या पाण्यात दोन मिनिटं टाकून लगेच गार पाण्यात काढा आणि फ्रीजरमध्ये ठेवा. रोजची भाजी तुमच्याच बाजूच्या मालवा मिल किंवा पाटनीपुऱ्याच्या बाजारातून घ्या. रात्री बाजार उठायच्या वेळेला भाव उतरतात, पण तेव्हा घेतलेली पालेभाजी त्याच रात्री नाहीतर दुसऱ्या सकाळी संपवायची, एवढं पाळा.

पावसाळ्यात पालेभाज्या महाग असतात आणि चिखलाच्याही असतात. ते चार महिने कडधान्यांचे. मटकी, चवळी, मूग, हरभरे, वाल. आठवड्यातले तीन दिवस मोड आलेली उसळ ठरवून टाका. भाजीचा खर्च तिथे आपोआप खाली येतो आणि मुलांच्या पोटात काही कमी जात नाही.

किराणा सियागंजच्या घाऊक बाजारातून घ्यावा का, असंही तुम्ही ओझरतं विचारलं आहे. एकट्या घरासाठी दर महिन्याला जाणं परवडत नाही. पण तुमची भिशी आहे ना? चार घरांनी मिळून दोन महिन्यांतून एकदा यादी करा: डाळी, साखर, शेंगदाणे, पोहे, साबुदाणा. सुट्ट्या धान्या-डाळींवर जीएसटी नाही, पंचवीस किलोपर्यंतच्या पाकीटबंद, लेबल लावलेल्या मालावर जुलै 2022 पासून 5 टक्के आहे. तेवढाच फरक नसतो, पाकिटाचा आणि जाहिरातीचा पैसाही वाचतो. सुट्टी डाळ घेताना ताटात पसरून बघा. तुरीत पाचरीसारखे चौकोनी, कडा असलेले दाणे दिसले तर ती खेसरीची भेसळ असू शकते, तिथून घेऊ नका. जे पाकिटातलंच घ्यायचं, त्यावर एमआरपीजवळ बारीक अक्षरात दर ग्रॅमची किंवा दर किलोची किंमत छापलेली असते. मोठं पाकीट दर वेळी स्वस्त नसतं, तो आकडा वाचल्याशिवाय कळत नाही. तेलाचं तर नक्कीच बघा: लिटरभर तेल वजनाला साधारण 910 ग्रॅम भरतं, आणि काही पिशव्या त्याहून कमी तेलाच्या असतात, दिसायला मात्र तेवढ्याच. तुरीच्या वरणात अर्धी मसूर घालून पाहा. फोडणीत हिंग-लसूण नीट असेल तर रोजच्या वरणात फरक जाणवत नाही. सणाचं साधं वरण तुरीचंच करा, तिथे मी तडजोड सांगणार नाही.

शेव-नमकीनला हात लावू नका. इंदुरात राहून ताटात शेव नाही, हे कुणाला सोसणार? फक्त छोट्या पुड्यांऐवजी नमकीनच्या दुकानातून अर्धा किलो सुट्टी आणून डब्यात भरा. रविवारचे पोहे-जिलबीही राहू द्या. ज्या महिन्यात घरातली एकमेव चैन बंद होते, त्याच महिन्यात फोनवरून चोरून चॉकलेटं येतात.

हे सगळं जमलं तर ॲपमधून सोळाशे-सतराशे आणि पनीर-चीजमधून आठशे-नऊशे वाचतील. पहिल्याच महिन्यात अडीच हजारांच्या आसपास. तीन हजार लगेच होणार नाहीत. उरलेले कांदा, कडधान्यं आणि गव्हातून हळूहळू निघतील. आणि एक महिना तरी आठवड्याची भाजी यजमानांना आणू द्या. कान टोचायला म्हणून नव्हे. त्यांना टोमॅटोचा भाव माहीत नाही, तुमची सहा वाजताची धांदल माहीत नाही. चार शनिवार मालवा मिलला पिशवी घेऊन गेले की "पैसे जातात कुठे" हे तेच तुम्हाला सांगतील, आणि मग हा हिशेब एकट्या तुमच्या डोक्यावर राहणार नाही.

शेवटी सासूबाईंचे वर्षाचे गहू. तुमच्या घरी दिवसाला बावीस-तेवीस पोळ्या होतात, म्हणजे महिन्याला वीस-एकवीस किलो आणि वर्षाचे अडीच क्विंटल. 2025-26 साठी गव्हाचा हमीभाव 2,425 रुपये क्विंटल होता. बाजारात चांगला लोकवन त्याच्या वर, सीहोरकडचा शरबती आणखी बराच वर. म्हणजे आठ-दहा हजार एकदम गुंतणार, आणि ओव्हरटाइम बंद असताना ते उसने घेऊन करू नका. डाळी तर वर्षाच्या भरूच नका, पावसाळ्यात त्यांत किडे होतात. पण सासूबाई पूर्ण चुकीचं सांगत नाहीत. ब्रँडच्या आट्यापेक्षा गहू घेऊन चक्कीवर दळणं स्वस्तच पडतं, आणि एप्रिल-मेमध्ये नवा माल येतो तेव्हा भाव बहुधा उतरलेले असतात. यंदा एकच क्विंटल घ्या, पाच महिन्यांचा. छावणीच्या धान्यबाजारात घेऊन जा त्यांना. गव्हाची मूठ उचलून, एक दाणा दाताखाली कट्कन फोडून तो पुरता वाळलेला आहे की नाही हे त्या क्षणात सांगतील. माझी आई तसंच करायची. घरी आणल्यावर दोन दिवस गच्चीवर ऊन द्या, चाळा, आणि एरंडेलाचा हात किती लावायचा, कडुनिंबाचा पाला कोठीत कुठे कुठे घालायचा, ते त्यांनाच विचारा. मुलीलाही सोबत बसवा, आठ वर्षांच्या पोरीला गहू चाळायला फार आवडतं.